रांजण बोळाच्या पाण्याचा नमुना

पाणी म्हणजे जीवन, हे सर्वमान्य आहे. त्या जीवनात नेमकं काय काय मिसळलेलं आहे, हा प्रश्न मात्र माणूस घरात रोजचं पाणी यायला लागल्यावरच विचारतो. बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. टँकर आला की घागर पुढं करायची, एवढंच तेव्हाचं पाणीशास्त्र होतं. पुढं दोन पावसाळे बरे गेले, नळाला सकाळचं पाणी येऊ लागलं, आणि रांजण बोळातल्या लोकांना आरोग्याची काळजी करण्याइतकी सवड मिळाली.

बोळाच्या तोंडाशी रुद्रप्पांचा सूत रंगवायचा कारखाना होता. (कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार हौद आणि एक मोरी.) मोरी जिथून वाहायची, बरोबर तिच्याच खालून बोळाची पाण्याची पाइप गेली होती, आणि ती पाइप इतकी जुनी होती की ती कुणाच्या राज्यात घातली याबद्दल दोन मतं होती. त्यामुळं कारखान्यात ज्या रंगाच्या चादरीचं सूत असेल, त्या रंगाची झाक नळाला यायची. बायकांनी त्याची सोय लावून घेतली होती. लाल पाण्याच्या दिवशी लाल लुगडी धुवायची. निळ्या पाण्याच्या दिवशी नवऱ्याच्या धोतराला वेगळी नीळ लागत नसे. प्यायला मात्र पहिली कळशी सोडून द्यायची असा कडक नियम होता. (सोडायची कुठं, तर मोरीत. मोरी कुठून जायची ते वर आलंच आहे.)

पाणी तपासण्याच्या बोळात तीन मान्य पद्धती होत्या. तुरीची डाळ शिजली तर पाणी चांगलं. साबणाला फेस आला तर पाणी चांगलं. पाहुण्यानं दुसरा तांब्या मागितला तर पाणी उत्तम. याखेरीज टाकीत जी पांढरी पावडर टाकतात, तिनं माणसाला मूलबाळ होत नाही अशीही भीती होती. पण बोळातली पाळणा नसलेली घरं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त व्हायची, म्हणून त्या भीतीचा जोर ओसरला होता. आपल्या नळापेक्षा शेजारच्या नळाला रंग जास्त येतो, यावर बोळातल्या नव्वद टक्के घरांचं एकमत होतं. उरलेल्या दहा टक्के घरांत नळ नव्हता.

अशा या बोळात कुंडलिक राहत होता. मूळचा टेंभुर्णीजवळच्या एका वाडीचा. शेती भावाकडं सोपवून सोलापुरात एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून झालेला. बायको सोनाबाई आणि सहा वर्षांची तानी, एवढाच संसार. मागच्या पावसाळ्यात तानीला कावीळ झाली होती. पोरगी वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा झाली तर मी काही सांगू शकणार नाही. तेव्हापासून सोनाबाई रोज पाणी उकळायची. कुंडलिकचा त्या पोरीवर फार जीव होता. ती झोपली की तो तिचे डोळे हलकेच उघडून पिवळे झालेत का बघायचा, आणि ती उठून रडली की 'डास होता' म्हणायचा.

त्याला खरं ज्ञान झालं ते शेंगदाण्याच्या पुडीतून. पुडीचा कागद वर्तमानपत्राचा होता आणि त्यावर 'पिण्याच्या पाण्यातील अपायकारक द्रव्ये' असा लेख होता. शिसं, पारा, रंगातली रसायनं, गटाराचे जंतू, आणि प्रत्येकानं शरीराचा कोणता भाग निकामी होतो, ते सगळं ओळीनं दिलेलं होतं. कागद खाली फाटलेला होता, त्यामुळं रोग कुंडलिकला मिळाले आणि उपाय शेंगदाण्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेले. पण अर्ध्या लेखावर आपल्याकडं पुढारी होता येतं. आठवड्याभरात 'रांजण बोळ शुद्ध जल दक्षता समिती' स्थापन झाली. अध्यक्ष कुंडलिक. उपाध्यक्ष रुद्रप्पा, कारण सभेला बसायला सतरंजी त्यांच्याकडंच होती. महिला प्रतिनिधी नागम्मा, कारण तिला बोलावलं नसतं तरी ती आली असती.

समितीची मागणी एकच होती: पाइप मोरीखालून काढून दुसरीकडून न्यावी. रुद्रप्पांनीही तिला पाठिंबा दिला. मोरी हलवण्याची मागणी झाली असती तर त्यांनी काय केलं असतं, हे सांगता येत नाही. ती कुणी केली नाही.

समिती संबंधित कचेरीत गेली. (कचेरीचं नाव मुद्दामच देत नाही. नाव दिलं की कचेरी खुलासा मागते आणि तो सहा प्रतींत द्यावा लागतो.) तिथले साहेब भले होते. ते म्हणाले, "पाइप बदलू की. पण पाणी वाईट आहे हे कागदावर यायला पाहिजे. नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल, तिथले तज्ज्ञ बघतील. नमुना नीट द्या म्हणजे झालं."

'नीट द्या' हे शब्द समितीनं फार मनावर घेतले.

कचेरीनं एक काचेची बाटली दिली होती, तिच्यावर इंग्रजीत सूचना होत्या. कुंडलिकनं त्या बोळाला वाचून दाखवल्या आणि त्यांचं तात्पर्य 'स्वच्छता पाळावी' असं सांगितलं. सोनाबाईनं लगेच बाटली राखेनं आणि चिंचेनं घासली. सरकारी बाटली, कुणाकुणाच्या घरचं पाणी पोटात घेऊन आलेली, तिचा काय भरवसा.

मग नमुना कुणाच्या नळाचा घ्यायचा, हा प्रश्न आला. समिती झाल्यापासून प्रत्येक जण आपल्याच नळाचं पाणी किती वाईट आहे हे सांगत होता. पुण्याला जायचं म्हटल्यावर प्रत्येक जण पुन्हा शेजारच्या नळाकडं बोट दाखवू लागला.

"माज्या घरचं न्हेऊ नका," नागम्मा म्हणाली. "दोन पोरींची लग्नं व्हायचीत. उद्या पेपरात यील, नागम्माच्या घरात किडं हायत म्हून."

"मग कुणाच्या घरचं न्यावं?" कुंडलिकनं विचारलं.

"मठाच्या आडाचं न्ह्या की. लई ग्वाड हाय. सायबाला तरी बरं वाटंल."

मठ बोळाच्या मागंच होता, म्हणजे पाणी बोळाचंच म्हणता येत होतं. ठराव पास झाला. आडाचं पाणी कळशीतून कुंडलिकच्या घरी आलं. पाण्यात एक काडी तरंगत होती, म्हणून सोनाबाईनं ते दुहेरी फडक्यातून गाळलं. शत्रू जरी दारात आला तरी त्याला आपण बिनगाळलेलं पाणी देत नाही, आणि हे तर तज्ज्ञ होते. गाळल्यावरही तळाला थोडा गढूळपणा दिसला. रंगाच्या धंद्यात तुरटी लागतेच. रुद्रप्पांनी शेडमधून खडा आणून पाण्यात फिरवला आणि पाणी आरशासारखं झालं. मग सोनाबाईनं ते उकळलं, कारण त्या घरात माणसाच्या तोंडात जाणारं पाणी उकळलेलंच असायचं.

एवढं होईपर्यंत अध्यक्ष काय करत होते? अध्यक्षांना मनातून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. पण नेमकं काय, ते फाटलेल्या भागात गेलेलं असावं. शेवटी त्यांनी वास घेतला. पाण्याला रॉकेलच्या स्टोव्हचा वास लागला होता. हे मात्र कुंडलिकला खपलं नाही. त्यानं माठातल्या वाळ्याची एक मुळी तोडून रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी काढली, बाटली भरून बूच लावलं, आणि सोबतच्या कागदावर अध्यक्ष म्हणून सही केली. ते पाणी उन्हात धरल्यावर बोळातल्या लोकांना पहिल्यांदाच आपला अभिमान वाटला.

महिन्यानं पुण्याहून अहवाल आला. रंग: नाही. गढूळपणा: नाही. अपायकारक जंतू: आढळले नाहीत. वास: सुखद. पिण्यास योग्य.

बोळानं पेढे वाटले. आपण पाइप बदलायला नमुना दिला होता, याची आठवण फार थोड्यांना राहिली. परीक्षेला बसलो आणि पहिल्या वर्गात पास झालो, असंच सगळ्यांना वाटलं. कचेरीनंही अभिनंदनाचं पत्र पाठवलं. इतक्या उत्तम पाण्याच्या जागी रस्ता खणणं हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरेल, सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे, असं त्यात खाली होतं. रुद्रप्पांनी अहवाल चौकटीत बसवून दिला आणि अध्यक्षांनी तो देवांच्या तसबिरींशेजारी लावला.

इथवर कुंडलिकला दोष देता येईल असं काही नव्हतं. बोळानं जे केलं ते सगळ्यांनी मिळून, मनापासून केलं. पुढचं मात्र त्याचं एकट्याचं होतं.

त्या पावसाळ्यात रॉकेलची टंचाई झाली. कार्डावर मिळणारं रॉकेल आठवडाभरसुद्धा पुरेना. एका संध्याकाळी सोनाबाई रिकामा डबा हलवत होती तेव्हा कुंडलिक भिंतीकडं बघत म्हणाला, "आता उकळायची काय गरज? योग्य आहे म्हणून लिहिलंय."

"अवं, ते पाणी आपून उकाळलेलं हुतं की," सोनाबाई म्हणाली. "आन नळाचं तरी कुटं हुतं?"

"कागदावर तसं काही लिहिलेलं नाही."

"मी सोता गाळलंय त्ये."

"तू गाळलंस हे खरं. पण पुण्याच्या तज्ज्ञापेक्षा तुला जास्त कळतं का?"

सोनाबाईनं रिकामा डबा खाली ठेवला. याचं खरं उत्तर कुंडलिकला देता आलं असतं, पण त्यानं दिलं नाही. खरं म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. रोज जेवताना समोर तो गोल शिक्का दिसायचा, आणि बघता बघता त्याचा त्यावर विश्वास बसला होता. आपण स्वतः वाळा टाकलेल्या पाण्याबद्दल सरकारनं आपल्याला कळवलं, की ती माहिती आपली उरत नाही, सरकारची होते. तानीनं त्या संध्याकाळी नळाचं पाणी प्यायलं आणि रोजच्यासारखी खेळायला गेली.

भाद्रपदात तिचे डोळे पिवळे झाले. या वेळी ते उघडून बघावे लागले नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्धा रांजण बोळ रांगेत उभा होता. नागम्मा धाकट्या पोरीला घेऊन, रुद्रप्पा आपल्या म्हाताऱ्या आईला आधार देऊन. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी तानीचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

कुंडलिकनं तोंड उघडलं. मागून सगळा बोळ ऐकत होता. आड, फडकं, तुरटी, वाळा, सगळं सांगायचं तर आपण काय केलं ते आधी सांगावं लागणार होतं. त्याला इतकी लाज वाटली की पोरीचा हात हातात असूनही तो सांगू शकला नाही.

"पाणी उत्तम आहे साहेब," तो म्हणाला. "पुण्याचा अहवाल आहे."

"मग बाहेरचं काही खाल्लं असेल," डॉक्टर म्हणाले, आणि तसं लिहिलं. मागच्या सगळ्यांनीही बाहेरचंच खाल्लं होतं असं निघालं. त्या महिन्यात सोलापुरात बाहेरचं खाण्याचं प्रमाण एकट्या रांजण बोळात सर्वाधिक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र कुंडलिक उठला. दवाखान्यात ठेवलेल्या तानीच्या उशाशी सोनाबाई बसली होती. त्यानं घरी येऊन एक बाटली घेतली, घासली नाही, नळाखाली धरली, आणि जे आलं ते तसंच भरलं. पाणी तांबूस होतं, त्यात धागे होते, आणि त्याला मोरीचा वास येत होता. बोळातून जाताना ती त्यानं लपवली नाही. नागम्मानं दारातून बघितलं आणि दार लोटून घेतलं.

कचेरीतल्या कारकुनानं बाटली हातात न घेता वाकून पाहिली. मग फाइल काढून अहवाल उघडला आणि एकदा कागदाकडं, एकदा बाटलीकडं असं बराच वेळ बघितलं. माणूस कामसू होता.

"हे तुमच्या बोळाचं पाणी नाही," तो म्हणाला.

"आत्ता नळाला भरलंय साहेब. माझी पोरगी दवाखान्यात आहे."

"असेल. पण रेकॉर्डशी जुळत नाही. तुमच्या पाण्याला रंग नाही, हा बघा शेरा. वास सुखद. आणि नमुन्याच्या कागदावर सही कुणाची?"

सही समितीच्या अध्यक्षांची होती. कुंडलिकनं ती ओळखली.

"पहिला नमुना आम्ही गाळून दिला होता," तो म्हणाला. आयुष्यात एवढं खरं वाक्य तो कधी बोलला नव्हता.

"म्हणजे सरकारची फसवणूक केलीत?" कारकून आवाज न चढवता म्हणाला. "तसं लिहून देता का? गुन्हा होईल तुमच्यावर. गिरणीत नोकरी आहे ना? त्यापेक्षा घरी जा कुंडलिकराव, पोरीकडं बघा." आणि त्यानं खरोखरच कळवळ्यानं बाटली उचलली, खिडकीबाहेर ओतली आणि रिकामी परत दिली.

कुंडलिकनं लिहून दिलं नाही. त्यानं पोरीकडं बघितलं. तानी दिवाळीच्या सुमाराला बरी झाली आणि तिला टेंभुर्णीकडं आजीजवळ पाठवून दिलं. पाइप मोरीखालीच आहे, समितीही आहे, आणि अहवालाची काच सोनाबाई पुसत नाही.

आता थोडं या हकिकतीविषयी. तुम्ही पाहुणे, तुमच्यापुढं ती तशीच कशी ठेवणार? म्हणून आम्हीही ती दुहेरी फडक्यातून गाळली आहे. त्या भाद्रपदात दवाखान्यातून ज्या घरांत माणूस परत आला नाही, ती घरं फडक्यातच राहिली. परत न आलेल्यांत एक पोरगी होती आणि एक म्हातारी; व्हरांड्याच्या रांगेत तुम्ही त्यांना पाहिलंय. वर थोडा वाळाही टाकला आहे, तुम्हाला मधे मधे हसू आलं ते त्याचंच. तुम्ही शेवटपर्यंत प्यायलात आणि पाणी कुठलं, म्हणून एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा पिण्यास योग्य, असा शेरा तुमच्या नावानं आम्ही लिहून घेतला आहे.