पेशंट कोण?

विमानतळाच्या दारात मी एकच अक्षर बोललो आणि त्या अक्षराची लाज मला अजून पुरते आहे. ते अक्षर म्हणजे ‘ही’.

आधी थोडं माझ्याविषयी. मला स्नायूंचा आजार आहे. त्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते उच्चारून होईपर्यंत माझा जबडा दमतो. (हा विनोद नाही, लक्षण आहे.) सकाळी गोळी घेऊन निघतो तेव्हा मी तुमच्यासारखाच असतो. मग जसजसा वापर होतो तसतशी बॅटरी उतरत जाते. जिना चढला की पाय जातात, फार बोललं की आवाज नाकात शिरतो आणि जीभ जड होते, आणि दुपारनंतर डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी आपोआप खाली येते. थोडं बसलं, वेळेवर गोळी घेतली, की शटर पुन्हा वर.

हे घरात बायकोला आणि लेकीला माहीत होतं. ऑफिसात कुणालाही नाही. मी आवक-जावक विभागात कारकून आहे. तीन वर्षं मी हा आजार फायलींच्या गठ्ठ्यांमागे लपवला. लिफ्ट बंद असली की मी रजेवर. सगळे चहाला खाली निघाले की मला नेमकं महत्त्वाचं काम निघे. (आवक-जावकमध्ये महत्त्वाचं काम! असो.) का लपवलं? लाज वाटत होती म्हणून. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

तर, लेकीने नोकरीच्या गावी बिऱ्हाड मांडलं आणि आम्हाला बघायला बोलावलं. विमानाची तिकिटं तिनेच काढली आणि काढताना ‘व्हीलचेअर हवी’ या चौकोनात परस्पर खूण करून टाकली.

“मी काय म्हातारा झालोय?” मी फोनवर ओरडलो.

“नाही बाबा. पण विमान पार त्या टोकाला उभं असतं. तुम्ही तिथे पोचेपर्यंत ते जाऊन परत येईल.”

कुणावर गेली आहे कोण जाणे.

विमानतळावर निळ्या गणवेशातल्या एक धिप्पाड बाई खुर्ची घेऊन हजरच होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “पेशंट कोण?”

मी खुर्चीचा हात धरलासुद्धा होता. तेवढ्यात पलीकडच्या दारातून एक ओळखीचं टक्कल आत आलं. आमच्या ऑफिसचे बुलेटिन! त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी कळतं, एरवी ते बुलेटिनच. कुणाची बदली, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाच्या पोटातला खडा, सगळं साहेबांच्या आधी त्यांना कळतं आणि त्यांच्यानंतर पाच मिनिटांत सगळ्यांना.

“पेशंट कोण, साहेब?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“ही,” मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे अनेक प्रकारे पाहिलं आहे, पण हा प्रकार नवा होता.

“अगं, बस ना,” मी दातांतल्या दातांत म्हणालो. “बुलेटिन आलाय. पाया पडतो तुझ्या.”

“पडू नका, उठता येणार नाही,” ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन मुकाट्याने बसली.

“पण कागदावर ‘श्री.’ लिहिलंय,” खुर्चीवाल्या बाई म्हणाल्या.

“छपाईची चूक,” मी म्हणालो.

तोवर बुलेटिन येऊन पोचले होते. “अरेरेरे! वहिनी! हे काय झालं?”

“गुडघा,” मी म्हणालो.

“कंबर,” बायको म्हणाली. दोघं एकाच वेळी.

“गुडघ्यातून कंबरेत गेलंय,” मी सारवासारव केली. बुलेटिननी असा चेहरा केला की जणू त्यांच्याच कंबरेत गेलं आहे.

इथवर ठीक होतं. पण खुर्चीवाल्यांची रांग वेगळी असते, हे मला माहीत नव्हतं. बाईंनी खुर्ची वळवली आणि बायको भुर्रकन पुढे निघून गेली. तिच्याबरोबर पर्स गेली. पर्सबरोबर माझी एक वाजताची गोळी गेली. मी उरलो बुलेटिनबरोबर, लांबलचक रांगेत, बारा वाजून पन्नास मिनिटांनी.

“तुम्ही नका काळजी करू,” बुलेटिन म्हणाले. “हे घ्या, माझी बॅग जरा धरा, मी तिकीट शोधतो.”

ती बॅग धरताना माझे दोन्ही खांदे एकदम राजीनामा देऊन मोकळे झाले. रांग इंचाइंचाने सरकत होती. बुलेटिन प्रश्नामागून प्रश्न विचारत होते आणि मी बायकोच्या नसलेल्या आजाराची कहाणी रचत होतो. कधीपासून आहे, कुठले डॉक्टर, रात्री झोप लागते का. जितकं खोटं बोललो तितका आवाज नाकात शिरला. सव्वा वाजता शटर खाली आलं.

बुलेटिननी माझ्या पाठीवर हात ठेवला. “रडू नका. बायकोवर इतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही.”

मी रडत नव्हतो. पण हे ऐकल्यावर मात्र खरंच रडावंसं वाटलं.

सुरक्षा तपासणीपाशी जवानाने फर्मावलं, “बूट काढून ट्रेमध्ये ठेवा.”

मी लेस सोडायला उकिडवा बसलो. खाली बसणं सोपं असतं, त्याला पृथ्वीची मदत असते. उठताना ती साथ सोडते. मी एकदा जोर लावला, दोनदा लावला, आणि तिसऱ्यांदा बूट हातात घेऊन सपशेल मागे बसलो. ट्रेंची चळत माझ्यावर धडाधड कोसळली. मागची रांग थांबली. मशीनचा पट्टा थांबला. जवान म्हणाला, “उठा.” मी म्हणालो, “उथतो.” उठलो नाही.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, “अहो!” बायको खुर्चीतून ताडकन उठली आणि धावत सुटली.

“अगं बाई! या तर पळतात!” खुर्चीवाल्या बाई किंचाळल्या. रांगेतल्या एका आजींनी चक्क हात जोडले.

बायको माझ्या मागे आली, काखांखालून हात घातले, गुडघा माझ्या पाठीला लावला. “श्वास घ्या. एक, दोन, हं!” घरी हे रोज होतं. न्हाणीघरात, सोफ्यापाशी, पलंगापाशी. पण घरी शंभर माणसं बघत नसतात. मी एका पायात बूट, एका हातात बूट, अशा अवस्थेत उभा राहिलो आणि तिने मला तिच्याच खुर्चीत बसवलं. गोळी तोंडात घातली, पाण्याची बाटली धरली, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदराने पुसलं.

मग ती बुलेटिनकडे वळली. “माझी कंबर ठणठणीत आहे. पेशंट हे आहेत. तीन वर्षं झाली.”

बुलेटिननी आवाज खाली आणला. “वहिनी, मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“सगळंच. हा आजारच आहे. आम्ही तो आजारच समजतो. ऑफिसातून एक शब्द बाहेर जाणार नाही.” आणि डोळे पुसत ते निघून गेले.

बुलेटिनसारखा माणूस, आणि इतका समजूतदार! मला स्वतःचीच घृणा आली.

विमानाची वाट बघत आम्ही बसलो होतो. मी ‘चुकलो’ म्हणालो. तो शब्द नाकातून निघाला तरी तिला कळला असावा.

“खोटं बोललात त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “पण त्या खुर्चीत बसले आणि मला कुणी काही विचारेचना. बुलेटिन माझ्याकडे बघून हळहळतात आणि उत्तर तुमच्याकडून घेतात. पुढे गेले तर जवान खुर्चीवाल्या बाईला विचारतो, यांना पाणी हवंय का. मी समोर बसलेय हो! दहा मिनिटांत जीव गुदमरला माझा.” मग म्हणाली, “तुम्ही का लपवता ते मला आज कळलं. पण परत मला पेशंट केलंत तर तिथेच सोडून जाईन.”

मी तिचा हात धरला. पकडीत जोर नव्हता, तो तिने लावला.

लेकीकडचे आठ दिवस मी व्हीलचेअरमधून राजरोस हिंडलो. बागेत गेलो, नदी पाहिली, आणि जो कुणी माझ्याविषयी बायकोला विचारी त्याला ती म्हणे, “त्यांनाच विचारा, त्यांना फार बोलायला आवडतं.” परतताना ठरवून टाकलं: ऑफिसात सगळ्यांना सांगायचं. लपवाछपवी बंद.

रुजू झालो त्याच दिवशी, दुपारी चारच्या चहाला सगळे जमले तेव्हा मी टेबलाला धरून उभा राहिलो. “मित्रहो,” मी म्हणालो, “तीन वर्षं तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. मला स्नायूंचा आजार आहे. म्हणून पाय लटपटतात, जीभ जड होते, डोळा मिटतो. आज लाज सोडून सांगतोय.”

हेडक्लार्कबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, किती साधं होतं हे! उगाच तीन वर्षं घालवली.

मग बुलेटिन हळूच उठले, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि शिपायाला म्हणाले, “लिंबू-पाणी आण रे, कडक. आज जरा जास्तच झालेली दिसते.”

वेळ निवडण्यात माझी चूक झाली. दुपारच्या चारला डावी पापणी पूर्ण खाली होती आणि माझ्या भाषणातलं ‘स्नायूंचा’ हे ‘श्नाऊंशा’ असं बाहेर पडलं होतं.

तीन वर्षं अख्ख्या ऑफिसने माझं ‘पिणं’ साहेबांपासून लपवून ठेवलं होतं. आता डॉक्टरांचा कागद मी सूचनाफलकावर लावला आहे. तो वाचून सगळे एकमताने म्हणतात, की बिचाऱ्याने सोडायचं मनावर घेतलेलं दिसतंय.