बटण एकदाच दाबा

"पाच मिनिटं!" लिफ्टराव बाह्या सरसावत म्हणाले. "सहावं मिनिट लागलं तर नाव बदलून टाकीन!"

ते काही त्यांचं खरं नाव नव्हतं, त्यामुळे बदलायला तसं काहीच जाणार नव्हतं. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवल्यावर लोकांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये ते स्वतः छापून घेतलेला एक स्टिकर चिकटवत: 'बटण एकदाच दाबा. लिफ्टला ऐकू येतं.' एखादा माणूस टकटक करत दहा वेळा बटण दाबताना दिसला की त्यांचं टाळकं सटकायचं. "अहो, ती लिफ्ट आहे, दाराची कडी नाही!" असं ते भर जिन्यात सुनवायचे.

आज मात्र बंद पडली होती ती लिफ्ट नव्हती, घरातला एकुलता एक कॉम्प्युटर होता. आणि पुढे बसली होती त्यांची बायको, रडायच्या बेतात.

बायको शाळेत शिक्षिका. अकरा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळल्यावर कुठे मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती. अर्ज ऑनलाइन, शेवटची वेळ आज संध्याकाळी पाच. 'माझ्या कल्पनेतली शाळा' हा लांबलचक निबंध तिने सकाळपासून थेट अर्जातच टाइप केला होता. आता एकच प्रश्न राहिला होता. त्याच्या चौकोनात तिने क्लिक केलं, आणि पडदा जो गोठला तो गोठलाच. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"काही करा, पण बंद करून चालू करू नका! निबंध कुठेच सेव्ह नाहीये," तिने बजावलं.

"अगं, बंद कशाला? टास्क मॅनेजर उघडायचा. कोण किती खातंय ते त्यात दिसतं. जो माजलाय त्याला हाकलायचं की झालं!"

लिफ्टरावांनी रुबाबात तीन बटणं एकत्र दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग पुन्हा. मग इतक्यांदा दाबली की शेजारच्या खोलीतून त्यांच्या आईने विचारलं, "अरे, कोण दार वाजवतंय का?"

"आई, आधी इकडे ये! तू यात काय काय उघडून ठेवलंयस?"

"मी कुठे काय? विणकामाची पानं बघते बापडी."

"किती पानं?"

"असतील साठ-सत्तर. बंद केली की परत सापडत नाहीत रे!"

लिफ्टरावांनी कपाळावर हात मारला आणि लेकीला हाक मारली. लेकीने सांगितलं की तिच्या नाटकाचा व्हिडिओ मागे तयार होतोय, अजून फक्त तीन तास.

"म्हणजे घरातला एकही माणूस धड नाही!" लिफ्टरावांनी निकाल दिला. महिन्याभरात आपण स्वतः कॉम्प्युटर पळवायला म्हणून टाकलेले तीन प्रोग्राम त्यांना त्या क्षणी आठवले नाहीत. किंवा आठवलेही असतील.

चार वाजले. आतला पंखा घरघरायला लागला होता. लिफ्टरावांनी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर थंड झाला की नाही कळलं नाही, पण बायकोची सगळी प्रमाणपत्रं उडून कपाटामागे गेली. ती आणि लेक पट्टी घेऊन ती काढायला लागल्या, सासूबाई विजेरी धरून उभ्या राहिल्या.

इकडे लिफ्टरावांना शंका आली की कीबोर्डच मेलाय. नवीन पेन चालतं का बघायला आपण मनातलं काहीही खरडतो, तसं त्यांनी मनात होतं ते धडाधडा टाइप केलं. पडदा ढिम्म. मग शेवटी त्यांनी एंटरवर एक गुद्दा हाणला.

"अहो!" बायको गरजली. चौथीचा वर्ग ज्या आवाजाने गप्प होतो तो आवाज त्यांनी घरात प्रथमच ऐकला. "हाताची घडी! तोंडावर बोट!"

लिफ्टराव खरंच स्टुलावर बसले, हाताची घडी, तोंडावर बोट. कोणी कशाला हात लावला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला पडद्यावरचा बाण हळूच हलला.

"आला! आला!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

कॉम्प्युटरला सगळं ऐकू गेलं होतं. आता तो आठवून आठवून एकेक अक्षर उमटवत होता, नेमकं त्या शेवटच्या चौकोनात. वर प्रश्न होता: 'या जबाबदारीसाठी घरून मदत मिळेल का?' लेक खाली उमटणारं उत्तर मोठ्याने वाचायला लागली.

"आई साठ पानं उघडून बसते... पोरगी नाटकं करते... बायकोला माझं काही ऐकायचंच नाही... घरात अक्कल असलेला मी एकटाच..."

"पुसा ते! पुसा!" बायको झेपावली. पण तेवढ्यात कॉम्प्युटरला एंटरवरचा गुद्दाही आठवला. 'आपला अर्ज मिळाला. आता बदल करता येणार नाही.'

आणि मग, पाहुणे निघून गेल्यावर यावं तसा, टास्क मॅनेजर उघडला. सर्वांत जास्त खाणाऱ्यांत पहिले तीन नंबर त्या पळवणाऱ्या प्रोग्रामांचे होते. तिघेही एकमेकांना साफ करत बसले होते. पुढचे दोन दिवस बायको त्यांच्याशी बोलली नाही, आणि लिफ्टरावांना खरोखर वाईट वाटलं. अकरा वर्षांची मेहनत त्यांनी एका गुद्द्यात घालवली होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. निवड समितीच्या बाई होत्या.

"घरून मदत मिळेल का, याला सगळे 'होय, पूर्ण' लिहितात. खरं उत्तर पहिल्यांदाच वाचलं! अशा घरात बसून तुम्ही इतका सुंदर निबंध लिहिलात, तर शाळा तुम्हाला जड जाणार नाही. सोमवारी मुलाखतीला या." मग आवाज जरा खाली आला. "मिस्टरांना मात्र घरीच ठेवा."

सोमवारी बायको नवी साडी नेसून गेली. जाताना तिने लिफ्टरावांच्या पिशवीतला एक स्टिकर कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवला. 'लिफ्टला' हा शब्द खोडून वर 'मला' असं लिहिलं.

लिफ्टराव स्टिकरसमोर हाताची घडी घालून शहाण्यासारखे बसले. इतक्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली: 'तुमचा कॉम्प्युटर हळू चालतो आहे. पळवायचा का?' लिफ्टरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात कोणी नव्हतं.

त्यांनी 'होय' दाबलं. पण एकदाच हं!