टिटवीचं रडू आणि मान्यतेचा शिक्का

एका जंगलात, बाळांनो, समुपदेशनाचं कॉलेज निघालं. समुपदेशन म्हणजे काय, असं मधेच विचारू नका, सांगतो. कुणी रडत आलं की त्याचं नीट ऐकून घ्यायचं आणि 'त्यात काय एवढं!' असं म्हणायचं नाही. एवढं शिकायला दोन वर्षं लागतात. तुमच्या घरातल्या मोठ्यांना जास्त लागली असती.

या कॉलेजातली सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी म्हणजे शेवंता साळिंदरीण. लहानपणापासून तिच्याजवळ कुणी बसत नसे. काटे टोचतील म्हणून सगळे चार हात लांब. त्यामुळे लांबून ऐकायची तिला सवयच लागली होती. आता तिला एकच ध्यास होता. पदवी घ्यायची, नदीकाठच्या जांभळीखाली बसायचं आणि येईल त्याचं ऐकायचं.

पण खरी मेख पुढेच होती. नुसती पदवी मिळून भागत नसे. कॉलेजलाही मान्यता लागे. कॉलेजला मान्यता नसली, तर पदवीचं पान शेळीला घातलं तरी चालेल! मान्यता द्यायची करकोचेसाहेबांच्या समितीने. नियम साधा होता. विद्यार्थी खऱ्या दुःखी प्राण्याचं ऐकताना समितीला डोळ्यांनी दिसला पाहिजे. नियम चांगलाच होता हो! नियम नेहमी चांगलेच असतात.

कॉलेजकडे दुःखी प्राणी एकच होता, टिटवी. दुःखं बाकीच्यांनाही होती, पण 'लोक काय म्हणतील' म्हणून कुणी तिकडे फिरकत नसे. टिटवीची अंडी पुरात वाहून गेली होती. पुन्हा अंडी घालायचा तिने धसकाच घेतला होता. ती रोज यायची, रडायची, आणि शेवंता ऐकायची.

समिती येणार म्हटल्यावर प्राचार्य अस्वलसरांची धांदल उडाली. वारुळांना चुना फासला. शेजारच्या जंगलातून कुंड्या उसन्या आणल्या. ग्रंथालय नव्हतं, म्हणून म्हाताऱ्या कासवाला कोपऱ्यात बसवून वर पाटी टांगली. पाहुण्यांसाठी डबकं भरून मासे ठेवले.

आणि त्याच सकाळी टिटवी आली ती गिरक्या घेत!

"शेवंताताई, अगं पिल्लं झाली! दोन! तू ऐकलंस म्हणून मला परत गुपचूप अंडी घालायचा धीर झाला गं!"

शेवंताचा आनंद पोटात मावेना. तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

अस्वलसर मात्र मटकन खाली बसले. "अगं टिटवे, समिती वेशीवर आलीय आणि तू हसतेस? काही लाज?" मग शेवंताला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "पोरी, तिला सांग, पिल्लं सापाने नेली म्हणून. समिती जाईपर्यंतच. मग खरं सांगू, तिला दुप्पट आनंद होईल."

शेवंताला डोळ्यांपुढे पदवी दिसली, जांभूळ दिसली. मग टिटवीचा आनंदाने फुललेला चेहरा दिसला.

"नाही सर. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग बस शेळीची वाट बघत!"

समिती आली. करकोचेसाहेब पुढे आणि घुबडसाहेब मागे. घुबडसाहेब दिवसा झोपेतच मान डोलावत, आणि सगळे त्याला संमती समजत. करकोचेसाहेबांनी चुना पाहिला. "या कुंड्या काल शेजारी होत्या ना? छान वाढल्या हो!" म्हणाले. कासवाला उघडून पाहायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "तुमचा दुःखी कुठे आहे?"

"बरी झाली, साहेब," शेवंता म्हणाली.

"बरी झाली?" साहेबांची चोच उघडीच राहिली. "मग सराव कुणावर करणार? रुग्ण टिकवायची काही सोयच दिसत नाही इथे. मान्यता नाही!"

घुबडसाहेबांनी मान डोलावली. दोघे माशांकडे वळले.

शेवंता जांभळीखाली गेली आणि हमसाहमशी रडू लागली. तेवढ्यात टिटवी आली. थेट काट्यांना खेटून बसली. 'त्यात काय एवढं' म्हणाली नाही. शेवंताच्या इतक्या जवळ आजवर कुणीच बसलं नव्हतं. मग काय, पदवीचं दुःख राहिलं बाजूला आणि लहानपणापासूनचं सगळं बाहेर आलं.

मासे संपवून साहेब परत निघाले होते. ते जागीच थबकले.

"अहो, हे काय! खरं रडणं! खरं ऐकणं! अस्वलराव, हे लपवून ठेवलंत होय?"

"आपली स्तुती आपणच कशी करायची, साहेब," अस्वलसर लाजून म्हणाले.

तिथल्या तिथे मान्यतेचा शिक्का बसला. पदवी अर्थातच ऐकणारीला मिळाली, म्हणजे टिटवीला. शेवंताची नोंद रुग्ण म्हणून झाली. जाताना साहेब बजावून गेले, "हिला जपा. पुढच्या तपासणीपर्यंत बरी होऊ देऊ नका."

आता जांभळीखाली पाटी आहे, 'टिटवी, मान्यताप्राप्त समुपदेशक'. गर्दी मावत नाही. पाटी असली की लोकांना लाज वाटत नाही. पण टिटवीला पिल्लांचं खाणं-पिणं असतं. "आलेच हं, तोवर ताईशी बोलत बसा," म्हणून ती भुर्रकन उडते, आणि शेवंता ऐकते. अगदी हवं होतं तस्सं. येणारे आता तिला खेटून बसतात, कारण रुग्णाला कोण भितंय?

समिती यायची असली की अस्वलसर हात जोडून येतात. "शेवंताबाई, उद्या जरा रडाल का हो?" दुसऱ्या दिवशी समितीसमोर ते आठवून शेवंता इतकी हसते, इतकी हसते, की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. समितीला तेवढं पुरतं.

तात्पर्य : दुसऱ्याचं दुःख जरूर हलकं करावं, पण मान्यता मिळेपर्यंत थोडं शिल्लक ठेवावं.