बाटलीत केवळ केळी आढळली

केळी ऊतिसंवर्धन उपकेंद्रातल्या तीन हजार दोनशे बाटल्यांपैकी तीन हजार अठ्ठ्याऐंशी बाटल्यांना बुरशी लागली, ही बाब १९९६ च्या ऑगस्ट महिन्यात तिथे काम करणाऱ्या पुष्पाबाईंच्या लक्षात आली. हे उपकेंद्र जळगावहून असोद्याला जाणाऱ्या रस्त्यावर होते. केळीच्या कोंबाचा हरभऱ्याएवढा तुकडा काचेच्या बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, झाकण घट्ट लावायचे, आणि काही महिन्यांनी त्यातून निरोगी रोपे काढून शेतकऱ्याला द्यायची, एवढेच तिथले काम. त्यासाठी खोली थंड आणि स्वच्छ लागते. पण खोलीतले वातानुकूलन यंत्र केंद्रप्रमुख लीलाधर फेगडे यांच्या केबिनमध्ये बसवले होते, कारण निर्णय तिथे घेतले जात.

उरलेल्या एकशे बारा स्वच्छ बाटल्या पुष्पाबाईंच्या होत्या. त्या कामाला सगळ्यांत सावकाश. कोपरापर्यंत हात धुवायचे, नाकातोंडावर फडके बांधायचे, काम चालू असताना बोलायचे नाही, हे सगळे त्या प्रशिक्षणात सांगितले म्हणून पाळत. प्रशिक्षणात सांगितलेले कोणी पाळते, याचे इतर बायकांना हसू यायचे.

सहा वर्षे त्या रोजंदारीवर होत्या. धाकटी बहीण दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत. तिचा नवरा कायम, म्हणून क्वार्टर, क्वार्टर म्हणून नळाला पाणी, आणि नळाला पाणी म्हणून बोलण्यात वजन. पुष्पाबाईंनाही कायम व्हायचे होते. त्याखेरीज त्यांनी देवाजवळ काही मागितले नव्हते. यंदा यादीत नाव होते. फक्त साहेबांचा शेरा चांगला हवा होता.

बुरशीची खबर पुण्याला गेली आणि चौकशी समिती निघाली. बाटल्या उकळून पुरून टाकायचा नियम, पण फेगडे साहेब म्हणाले, "पुरल्या तर पुरावा नष्ट केला म्हणतील. रंगवार लावून ठेवा, समितीला मोजायला सोपं." पुष्पाबाईंनी व्हरांड्यातल्या फळ्यांवर काळी बुरशी वर, हिरवी मधे आणि गुलाबी खाली, अशी नीट मांडणी केली.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी एक चित्रकार आला. धुळ्याच्या एका ड्रॉइंग मास्तरांचा मुलगा झुलाल. मुंबईत त्याला 'झेड' म्हणत. सहा महिने जर्मनीत राहून आला होता आणि चुलतभावाच्या लग्नानिमित्त इकडे होता. बाटलीतली केळी बघायला म्हणून आला, तो व्हरांड्यातच थांबला.

"हे कोणी केलं?" त्याने विचारले.

चौकशीत हाच प्रश्न येणार असल्याने जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी साहेब म्हणाले, "कोणी केलेलं नाही. वातावरणामुळे झालं."

झुलालच्या डोळ्यांत पाणी आले. "वातावरण! म्हणजे कलावंत बाजूला झाला आणि जीवानं स्वतःच रंग भरले. तिकडे बुरशी आणि जिवाणू घेऊन लोक चित्रं वाढवताहेत साहेब. रंगाच्या ट्यूबा केव्हाच मेल्या. यातली केळी मेली ना?"

"मेली," साहेब खाली बघून म्हणाले.

"केवढं धाडस!" झुलाल म्हणाला.

फेगडे साहेबांना चित्रकलेतले काही कळत नव्हते. चौकशीतले मात्र कळत होते. त्यांनी झुलालला लग्नाला जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी समिती आली तेव्हा दारावर फलक होता: 'जैवकला दालन'. झुलालने अर्धा तास समजावून सांगितले. समितीच्या अध्यक्षांना त्यातले अक्षर कळले नाही, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी दोनदा "व्वा" म्हटले. सदस्यांनी अध्यक्षांकडे पाहून तीनदा म्हटले. अहवालात 'नुकसान' हा शब्द खोडून तिथे 'निर्मिती' लिहिण्यात आले. खाली सर्वांच्या सह्या झाल्या.

महिन्याभरात परिपत्रक आले. मार्चअखेर पाच हजार जैवकलाकृतींचे उद्दिष्ट. रोपे शक्य झाल्यास. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन बुरशीच्या टक्केवारीवर करावे.

बाकीच्या बायका शंभर टक्क्यांवर होत्या. पुष्पाबाईंना मेमो मिळाला: 'आपल्या ताब्यातील एकशे बारा बाटल्यांत केवळ केळी आढळून आली. सबब आपणांस सेवेत कायम का करावे, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

त्या मेमो घेऊन केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, मी हात धुतले होते."

"कुणाच्या परवानगीनं?"

"आधीपासूनच धुते."

"म्हणजे सवयीची आहात," साहेब नोंद करत म्हणाले. "हे बघा पुष्पाबाई, माझं वैयक्तिक काही नाही. केळी मलाही आवडतात. पण वरून विचारतात, एक बाई सहकार्य का करत नाही? यादी दहा तारखेला जायची आहे."

त्याच वेळी शिरपूरकडचे हिलालआबा दारात उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रोपांसाठी नाव नोंदवले होते, आणि आता वावर नांगरून, खड्डे खणून ते एसटीने आले होते. साहेबांनी त्यांच्या हातात गुलाबी बुरशीची एक बाटली आणि कलाकृतीच्या माहितीचे छापील कार्ड दिले. आबांनी बाटली उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली.

"साहेब, ह्यान्हामा केळ कोठे शे?"

झुलाल आता उपकेंद्राचा मानद सल्लागार झाला होता. तो पुढे झाला. "आबा, इथं केळीचा अभाव आहे. तो अभाव अनुभवायचा."

"अभाव ते मना वावरमा बी शे," आबा म्हणाले. "मंग एसटीमा बसीसन मी आठलोंग कसाले उनू?"

'ग्रामीण प्रतिक्रिया: उत्कट' अशी नोंद झाली. आबा बाटली टेबलावर ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. जाताना त्यांनी पुष्पाबाईंकडे पाहिले. पुष्पाबाईंना फार वाईट वाटले. त्या त्यांच्यामागे बाहेर गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "आबा, चौदा तारखेले या. मी बघते काहीतरी."

त्या दुपारी सगळ्या बायका जेवायला गेल्यावर पुष्पाबाई आपल्या बाटल्यांपुढे बसल्या. हात धुतले नाहीत. फडके बांधले नाही. एकेक झाकण उघडून त्यांनी आत फुंकर मारली. एकशे अकरा बाटल्या झाल्या. शेवटची मात्र उघडवली नाही. आत केळीचे सात हिरवे पोंगे होते. ती त्यांनी रिकाम्या खोक्यामागे आबांसाठी लपवली.

चौदा तारखेला मोठे प्रदर्शन भरले. पुष्पाबाईंच्या एकशे अकरा बाटल्यांना, बुरशी ताजी असल्याने, दर्शनी जागा मिळाली. कायम केल्याचा आदेश साहेबांनी सकाळीच त्यांच्या हातात दिला. मांडणीत एक बाटली कमी पडत होती, म्हणून शिपायाने शोधाशोध करून खोक्यामागची आणून लावून टाकली.

लोक येत, काळ्यापुढे थांबत, गुलाबीपुढे मान डोलावत, आणि त्या हिरव्यापुढे येऊन कपाळाला आठ्या घालत. कॉलेजचे एक प्राध्यापक म्हणाले, "ही जरा ओबडधोबड वाटते." एक बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "खराब झालेली दिसते." तक्रारी वाढल्या तसे साहेब बाटलीजवळ आले. हिलालआबाही तिथेच पोचले होते.

"हाई ते केळ शे!" आबा मोठ्याने म्हणाले. "बठ्ठ्या सडी गयात, हाई एकलीच जित्ती शे!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी बाटली उचलली आणि विचारले, "ही कुणाची?"

आबांनी पुष्पाबाईंकडे पाहिले. पुष्पाबाईंच्या हातात आदेशाचा लिफाफा होता. तो त्यांनी पदराखाली घेतला.

"माहीत नाही साहेब," त्या म्हणाल्या. "वातावरणामुळे झालं असेल."

खराब बाटलीबाबतचा नियम अजून रद्द झालेला नव्हता. ती उकळून संध्याकाळी मागच्या अंगणात पुरण्यात आली, आणि नवीन कायम कर्मचारी म्हणून खड्ड्यावर माती पुष्पाबाईंनीच लोटली.

प्रदर्शन अजून चालू आहे. दाराशी अभिप्रायवही ठेवली आहे. आबांनी तिच्यात 'काही समजलं नही' असे लिहिले होते, ते पान फाडण्यात आले. बाकी दोनशे तेरा अभिप्राय उत्तम आहेत. नवीन येणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून आधी मागची पाने वाचायची सोय आहे. त्यांवरून आपल्याला काय वाटले ते लगेच सुचते. तुम्हीही मागच्या रविवारी तसेच केले. तुमचा 'अप्रतिम' सत्तेचाळिसाव्या पानावर आहे, आणि खाली सहीसुद्धा आहे.