जीव कुठे अडकला आहे?

फोनवर बोलून होत नाही असं जगात एकही काम नाही, असं ऑपरेटरबाई छातीठोकपणे सांगत. सांगणारच! तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. भांडलेले भाऊ जोडून दिले, रुसलेल्या बायका जोडून दिल्या, एकदा तर एकाच मुलीच्या मागे लागलेले दोघे चुकून एकमेकांना जोडून दिले! तेव्हा दवाखान्याच्या यंत्राशी दहा मिनिटं बोलून आपल्या नवऱ्याला घरी आणणं हे त्यांच्या दृष्टीनं अगदीच किरकोळ काम होतं.

यजमान चार महिने दवाखान्यात होते. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आता ते काठी धरून चालत होते, अडखळत एखादा शब्द बोलतही होते. पण त्यांना घरी सोडायचं की कायमचं शुश्रूषागृहात पाठवायचं, हे डॉक्टर ठरवत नसत. ते ठरवायला एक नवं बोलणारं यंत्र आलं होतं. सगळे त्याला यंत्रबाई म्हणत. आधी रुग्णाला प्रश्न, मग घरच्यांना फोनवर प्रश्न, की लागला निकाल! सर्वांना समान न्याय, असं दवाखान्याच्या दारावरच लिहिलं होतं.

इकडे ऑपरेटरबाईंना घर नकोसं झालं होतं. यजमान मुळात घुमे. कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. पेन्सिलीला नीट टोक आल्याशिवाय तोंडसुद्धा उघडायचा नाही. पण त्यांचं ‘हं’ असायचं. होकाराचं हं, कंटाळ्याचं हं, ‘ऐकतोय, पण पेपर वाचू दे’ असं सांगणारं हं. चार महिने बाई एकट्याच बडबडत होत्या आणि पलीकडच्या खुर्चीतून काही येत नव्हतं. रविवारच्या भेटीच्या एका तासानं काय होतंय! त्या एका ‘हं’साठी त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

बुधवारी सकाळी यंत्रबाईचा फोन आला.

“नमस्कार. रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीची प्रकृती कशी आहे?”

“ठणठणीत!” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

“ठणठण. नोंद केली. ठणठण कानात होते की छातीत?”

“अगं, तसा आवाज नाही गं...”

“आवाज नाही. नोंद केली. रुग्णाला घरी का न्यायचं आहे?”

इथे बाई खुर्चीत सरसावून बसल्या. चार महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. “का म्हणजे? माझा जीव अडकलाय त्यांच्यात!”

“जीव कुठे अडकला आहे? घशात असल्यास एक दाबा.”

“घशात कशाला अडकेल? हे घर खायला उठतं गं मला!”

“घरात चावणारा प्राणी आहे. नोंद केली.”

“प्राणी नाही! त्यांची आठवण आली की पोटात तुटतं. झटका आला त्या दिवशी तर माझे हातपायच गळाले होते.”

“आधी काय गळालं? हात की पाय?”

“माझं डोकं फिरवू नकोस हं!”

“चक्कर. नोंद केली. कृपया हलू नका. ॲम्ब्युलन्स निघाली आहे.”

बाईंनी तीनदा उलटा फोन लावला. तिन्ही वेळा यंत्रबाईनं त्यांना हलू नका म्हणून सांगितलं!

दहाव्या मिनिटाला दोघं जण स्ट्रेचर घेऊन दारात. पुढच्याच्या हातात जाड सोटा होता.

“पेशंट कुठेय?”

“मीच! म्हणजे, मी नाही.”

त्यानं बाईंचे हात बघितले, पाय बघितले, हातातला कागद बघितला. “यात तर गळाले म्हणून लिहिलंय. आणि तो प्राणी कुठाय?”

“कसला प्राणी?”

“खायला उठतो तो!” असं म्हणत त्यानं पलंगाखाली सोटा फिरवून घेतला.

बाईंनी सगळी हकिकत सांगितली. सोटेवाला हळहळला, पण म्हणाला, “मावशी, तिनं बोलावलेला पेशंट आम्हाला सोडता येत नाही. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं सही केली की लगेच परत आणतो.”

“मोठ्या दवाखान्यात? तो पुलापलीकडचा?”

“तोच.”

तिथेच तर यजमान होते! आज बुधवार, म्हणजे चार दिवस आधी भेट! बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. “मग बघताय काय? उचला!”

दवाखान्यात बाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. तिथल्या समाजसेविकेनं तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. “काकू, तुमच्या नावावर सात आजार आणि एक प्राणी आहे! ही यंत्रबाई पुस्तकी आणि पटापट बोलणाऱ्यांकडून शिकलीये हो. घरातल्यासारखं बोलणारे तिला मरायला टेकलेले वाटतात, आणि अडखळणारे मुके.”

“आमच्या ह्यांना काय वाटून घेतलंय तिनं?”

समाजसेविकेचा आवाज उतरला. “चौदा प्रश्न विचारले. चौदा वेळा ‘प्रतिसाद नाही’. घराची आठवण नाही, घरी पाठवू नये, असं आलंय. आज संध्याकाळी शुश्रूषागृहाची गाडी येणार आहे.”

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “उत्तराला वेळ किती देते ती?”

“पाच सेकंद.”

“पाच!” बाई कडाडल्या. “अहो, लग्नाला होकार द्यायला ह्या माणसानं अडीच महिने घेतले होते! तेव्हा तर धडधाकट होते! तुम्ही विचारा. माणसानं विचारलेलं चालत नाही का?”

“चालतं की. समोर बसून विचारलं तर मला निकाल बदलता येतो. पण तसा अर्ज करावा लागतो.”

“कुठे?”

“यंत्रबाईकडे. फोनवर.”

“अर्ज मागाहून करू!” समाजसेविका म्हणाली. मग तिनं कागदाची घडी करून खिशात कोंबली आणि बाईंची चाकाची खुर्ची स्वतःच ढकलत वॉर्डात नेली.

यजमान खिडकीपाशी बसले होते. बाईंना बघून त्यांचा चेहरा हलला. किती वाळले होते! बाईंना वाटलं, उठावं, हात धरावा आणि कुणालाही न विचारता चालू लागावं.

“काका,” समाजसेविका त्यांच्यासमोर बसली, “घर आठवतं का तुम्हाला?”

पाच सेकंद झाले. दहा झाले. समाजसेविकेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसता हात वर केला, थांबा. वीस झाले. यजमान बायकोकडे बघत होते, तिच्या अनवाणी पायांकडे, रिकाम्या हातांकडे. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हता. अर्धं मिनिट उलटून गेलं.

“गॅस...” ते म्हणाले. मग मोठ्या कष्टानं, “गॅस... बंद... केलास?”

समाजसेविकेनं डोळे टिपले आणि पेन काढलं. “घराची आठवण पूर्ण! काकू, गाडी रद्द. परवा घरी न्या ह्यांना!”

बाई हुंदके देत होत्या, हसत होत्या, आणि मध्येच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“ते सावकाश लिहा हो!” त्या किंचाळल्या. “आधी माझ्या शेजारणीला फोन लावा! दूध तापत ठेवून आलेय मी! परवापर्यंत ह्यांना न्यायला घर तरी उरू दे!”

“हं,” यजमान म्हणाले.