हळदीचा मान

लग्नाची हळद आत्याने आणायची आणि ती सांगलीचीच असायला हवी, हा वाईच्या माहेरातला नियम सांगलीत राहणाऱ्या उमाताईंनी स्वतःच घातलेला होता. त्यामुळे भाच्याच्या, म्हणजे वरदच्या, हळदीच्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीवाल्याचा फोन आला आणि "काकू, गाडी चालूच हुईना बगा," असं तो म्हणाला, तेव्हा त्या हळदीची पिशवी मांडीवर घेऊन मटकन खाली बसल्या. भर लग्नसराईत दुसरी गाडी मिळणं शक्यच नव्हतं. त्यांच्या यजमानांच्या, गोपाळकृष्णांच्या, चेहऱ्यावर मात्र दुःखाचा लवलेशही नव्हता.

"आपली आहे की," ते म्हणाले.

आपली म्हणजे अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली लाल गाडी. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं गीतेच्या वर्गाला जातात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. गोपाळकृष्णांनी एका जुन्या जीपचा सांगाडा आणला, पुण्याहून खोक्यांतून फायबरचे भाग मागवले आणि दोन माणसांची, कापडी टपाची गाडी जोडायला घेतली. गाडी तयार झाली आणि सगळीकडून गळू लागली. वरून पाऊस आत यायचा, खालून तेल बाहेर पडायचं आणि पुढून पाणी. उमाताईंनी अंगणात रांगोळी काढणं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण रोज सकाळी तिथे तेलाची काळी रांगोळी तयार असे. कुपवाडचा गुंडा मिस्त्री तर गोपाळकृष्णांना लांबून पाहिलं की, सकाळचे दहा वाजलेले असले तरी जेवायला निघून जायचा.

"ते प्रकरण रस्त्यात ढकलावं लागलं तर?" उमाताईंनी विचारलं. त्या गाडीला त्या कधी गाडी म्हणत नसत.

"नाही लागणार."

"आणि लागलं तर?"

गोपाळकृष्णांनी एकदा ताडपत्रीकडे पाहिलं. "तर परत आल्यावर भंगारवाल्याला बोलावतो. शब्द देतो."

आता हा माणूस म्हणजे बँकेचं पेन चुकून खिशातून घरी आलं, तर दुसऱ्या दिवशी ते परत नेऊन देणारा. त्यांनी शब्द दिला म्हणजे झालंच. त्यांचा त्या गाडीवर फार जीव होता, आणि तरीही शब्द दिला तो बायकोची हळद वेळेवर पोचावी म्हणून. उमाताई पिशवी घेऊन आत बसल्या.

पेठ नाका येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. नाक्यावरच्या खड्ड्यात मात्र उमाताईंच्या पायाखाली काहीतरी सरकलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"अहो! हा माझा पोळपाट!"

"तिथला पत्रा गंजलाय गं. भोकातून रस्ता दिसतो. तू घाबरशील म्हणून झाकलं."

"आणि मी शेजारच्या तीन घरांत विचारून आले! त्या कुलकर्णीण बाईंशी अजून बोलत नाही मी!"

"आता बोल," गोपाळकृष्ण समजुतीने म्हणाले.

कऱ्हाड मागे पडलं आणि पुढून वाफ येऊ लागली. एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. टपरीवर बाळासो नावाचा ट्रक ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्याने कपासकट वाकून गाडीखाली पाहिलं.

"काका, रेडिएटर गळतोय की वो. हळद हाय का?"

गोपाळकृष्ण आभाळाकडे पाहू लागले. हा उपाय त्यांनाही ठाऊक होता. पण शेजारी बायको हळद घेऊन बसलेली असताना तो तोंडातून काढायचा कसा?

"हळद कशाला?" उमाताईंनी पिशवी पोटाशी धरली.

"हळद फुगती अन् भोकात जाऊन बसती. लय जुना इलाज हाय. आमी कितींदा केलाय."

"ही नवऱ्या मुलाला लावायची हळद आहे!"

"आवं काकू, गाडी पोचली तर नवऱ्याला लागंल न्हवं? न्हाईतर हळद हितं अन् नवरा तिकडं!"

गाडी निवल्यावर त्यांनी देवाचं नाव घेऊन स्वतःच्या हाताने निम्मी हळद रेडिएटरात सोडली. थोड्या वेळाने खालची गळती खरोखरच थांबली. बाळासोला केवढा आनंद झाला.

"लागली बगा हळद! आता मुंडावळ्या तेवढ्या बांदा गाडीला," असं म्हणून तो ट्रकमध्ये चढला.

उंब्रज आलं. उमाताई एकदम म्हणाल्या, "अहो, उरलेली हळद उष्टी झाली."

"कुणाची उष्टी?"

"तुमच्या प्रकरणाची! आधी नवऱ्याला हळद लावायची आणि त्याची उष्टी हळद नवरीला पाठवायची. आता पहिली हळद लागली त्या प्रकरणाला, आणि त्याची उष्टी लावायची वरदला. म्हणजे बघा!"

गोपाळकृष्णांनी बँकेच्या सवयीने हिशेब मांडून पाहिला. गाडी नवरदेव निघत होती आणि वरद नवरी. त्यांना हसू आवरेना.

"हसू नका! वहिनीला कळलं तर जन्मभर ऐकवेल मला. तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही."

पाचवड फाट्यावरून गाडी आत वळली, वाई आली, आणि हळदीने आपलं काम जरा जास्तच मनावर घेतल्याचं लक्षात आलं. तिने गळती बुजवली होती, आणि पाणी जायच्या वाटाही बुजवल्या होत्या. उमाताईंच्या माहेरची गल्ली अगदी वळणावर आली असताना इंजिन तापलं, त्याने एक उसासा टाकला आणि ते बंद पडलं. वळणापलीकडे सनई ऐकू येत होती.

थोडा वेळ थांबून गोपाळकृष्णांनी फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. उमाताईंनी रागारागाने मूठभर हळद बाटलीतल्या पाण्याने ओंजळीतच कालवली आणि आत ओतली. गोपाळकृष्णांना हे चुकतंय हे कळत होतं, पण त्या वेळी बायकोला अडवायची त्यांची छाती नव्हती. किल्ली फिरवली. नुसतं कुर्र कुर्र झालं.

"तुम्ही बसा तुमच्या प्रकरणात," उमाताई म्हणाल्या. "मी पायी येते."

गोपाळकृष्ण दोन्ही हातांनी चाक धरून बसले. गल्लीतल्या पोरांना हाक मारली असती तर गाडी ढकलून दारात गेली असती, आणि तिथून थेट भंगारात. पहिल्यांदा ती सुरू झाली होती तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आताही आलं. त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात गाडी हलली. त्यांनी डोळे उघडले. टपाच्या मागच्या धुरकट प्लॅस्टिकमधून काही दिसत नव्हतं, पण गाडी हळूहळू पुढे सरकत होती. "अरे, गल्लीला नदीच्या घाटाकडे उतार आहे!" त्यांना आठवलं. वळण घेऊन गाडी आवाज न करता मांडवापर्यंत आली आणि त्यांनी ऐटीत ब्रेक लावला. मागोमाग उमाताईही धापा टाकत आल्या.

"इंजिनाचा आवाजसुद्धा नाही!" उमाताईंचे दादा म्हणाले. आजवर त्यांनी त्या गाडीची फक्त टिंगल केली होती. "गोपाळराव, मानलं तुम्हाला!"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या आणि गाडीला वळसा घालताना थबकल्या.

"अगंबाई, वन्सं! हळदीचा पहिला मान गाडीला दिलात?"

सगळे मागे धावले. गाडीच्या लाल पाठीवर हळदीचे दोन पंजे उमटले होते. दहाही बोटं स्पष्ट दिसत होती आणि हळद अजून ओली होती. उमाताईंनी हात पदराखाली घेतले.

"बरोबरच आहे," गल्लीतली एक म्हातारी म्हणाली. "ज्या गाडीने हळद आणली, तिला पहिला मान नको?" वहिनींनाही ते पटलं. त्यांनी पिशवीतली हळद भिजवली आणि आपलाही एक पंजा शेजारी उठवला. मग गल्लीतल्या चार बायकांनी उठवले. त्यानंतर तीच हळद वरदला लागली, आणि उष्टी म्हणण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

गोपाळकृष्ण मात्र त्या पहिल्या दोन पंजांकडे पाहतच राहिले. जरा गर्दी पांगल्यावर ते बायकोला गाठून हळूच म्हणाले, "उमा, मी शब्द दिला होता. गाडी ढकलावी लागली."

"कुणी ढकलली?"

"अगं, ते हात..."

"चालून चालून दमले होते," पदराने हात पुसत उमाताई म्हणाल्या. "जरा टेकले."