दानियलमामांची कातरण

लग्नाला कुणी आहेर घेऊन येतं, कुणी छत्री घेऊन येतं. दानियलमामा लोहचुंबक घेऊन येत. ते त्यांच्या काठीच्या टोकाला तारेनं घट्ट बांधलेलं असे. मांडवात शिरले की नवरानवरीकडे बघायच्या आधी काठी जमिनीवरून फिरायची आणि मांडववाल्यानं सांडलेले खिळे तिला टकाटक चिकटायचे. ते चंचीत टाकून मामा प्रसन्न चेहऱ्यानं आशीर्वाद द्यायला पुढे. रविवारी चर्चमध्येही काठी बरोबर असायचीच. पाळकबुवांनी एकदा वैतागून विचारलं, "मामा, देवाच्या घरातसुद्धा?"

"देवाचा लेक सुतारच हुता की, बुवा," मामा म्हणाले. "चार खिळं सांडनारच."

केडगावात आमच्या शेजारी मामांचा पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता. कारखाना हा त्यांचा शब्द. एक लांबलचक छप्पर, खंडू आणि आणखी दोन कारागीर, आणि दिवसभर ठोकठोक, एवढाच काय तो पसारा. तिथल्या हिरव्या, झाकणावर गुलाब रंगवलेल्या पेट्या लग्नसराईत पार जामखेडपर्यंत नव्या नवरींबरोबर सासरी जात. पेटी तयार झाली की मामा जोडे काढून तिच्यावर चढत आणि दोन उड्या मारत. मामांचा देह भरभक्कम. झाकण दबलं की पेटी परत खंडूकडे.

मी शाळामास्तर, म्हणजे पुस्तकातलं लोकांना ऐकवायची खोड. कारखान्याला नफा व्हायचा तर भांडवल हवं, यंत्रं हवीत, बाजारपेठ हवी, असं मी एकदा त्यांना समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पायाखालची कातरण, म्हणजे पत्रा कापून उरलेला तुकडा, उचलून माझ्या नाकासमोर धरली.

"मास्तर, पत्रा समद्यांना एकाच भावानं मिळतो. फायदा कातरणीत असतो. ज्यानं कातरण फेकली त्यो बुडाला!"

लढाईच्या दिवसांत पत्रा मिळेना, तेव्हा मामांनी रॉकेलचे डबे ठोकून सपाट केले आणि पेट्या चालूच ठेवल्या. उरलेल्या तुकड्यांच्या दिव्याच्या चिमण्या झाल्या, किसण्या झाल्या. एक किसणी आमच्याकडेही आली. तिच्यावर किसलेल्या खोबऱ्याला रॉकेलचा वास येतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं. मला कधी आला नाही.

लढाई संपली आणि बाहेरून स्वस्त पेट्या यायला लागल्या. मामांचा माल छपराला टेकला. खंडू मला गाठून म्हणाला, "मास्तर, ह्या सराईत माल न्हाई हालला तर कुलूपच लागतंय. मंग आमी तिघंबी ऊस तोडायला."

नेमका त्याच वेळी एक पुण्याचा व्यापारी आला. सगळा माल उचलतो म्हणाला, पुढच्या हंगामाचाही सांगून ठेवतो म्हणाला. अट एकच होती. मामा झाकणाच्या आतल्या बाजूला, लहान तुकडे डाखानं सांधून केलेला आणखी एक पत्रा बसवत. त्यात फार वेळ जातो. तो पत्रा काढायचा.

"त्यो न्हाई निघायचा," मामा म्हणाले.

"अहो, पण तो आहे कशाला?"

"हाय कशाला तरी."

व्यापारी शेट निघून गेले. खंडूनं कपाळाला हात लावला. मांडवातला खिळा न सोडणारा माणूस अख्खा हंगाम सोडतो म्हणजे काय! मी तणतणत गेलो. "मामा, कातरण वाचवता आणि कारखाना घालवता?"

"कातरण वाचवतो ती कशापायी? तिथंच तर लागती!" एवढं बोलून ते दुसऱ्या पेटीवर चढले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिची माहेरची पेटीही मामांचीच. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"काढला नाही ना त्यांनी?"

"नाही."

"मग झालं," म्हणून ती पुन्हा थापू लागली. मी उठून पेटीचं झाकण उघडलं, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्या पेटीत तुमचं काही नाहीये."

शेटही काही कच्चे नव्हते. त्यांनी दुसरीकडून तशाच हिरव्या, गुलाबाच्या, पण आतल्या पत्र्याविना पेट्या करवून घेतल्या आणि जामखेडच्या बाजारात मांडल्या. पुढचं त्यांनीच परत येऊन आम्हाला सांगितलं. नवरीचा बाप कडी बघे, कोयंडा बघे, भाव पाडी. मग नवरीची आई पुढे येई, झाकणाच्या आतून हात फिरवी आणि एक अक्षर न बोलता झाकण मिटून चालू लागे.

"मामा," शेट काकुळतीला येऊन म्हणाले, "त्या झाकणात आहे तरी काय?"

मामांनी आतल्या पत्र्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. पत्रा अलगद सरकला. आत बोटभर खोल चोरकप्पा!

"शेट, लेकीला सासरी समदं मिळतं, निस्ती आपली अशी जागा मिळत न्हाई. ही तिची. कातरणीतनं बनती, म्हनून तिचा दाम आमी लावत न्हाई."

शेटनी सगळा माल उचलला, चोरकप्प्यासकट. त्या दिवशी मामांच्या आधी खंडूच पेटीवर चढून नाचला.

संध्याकाळी मी मामांना विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" ते मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. जाताना काठी मात्र दाराबाहेर उभी करून ठेवली. काठीशिवाय मामा मी पहिल्यांदाच बघत होतो.

खाटेखालून त्यांनी एक लहानशी पितळी पेटी काढली. नुसते तुकडे तुकडे, एकाला एक जोडलेले.

"मी भांडीवाल्याकडं रोजावर हुतो तवाची. लगीन झालं आन् मार्थानं आपली चीजवस्तू पिठाच्या डब्यात लपवलेली मला गावली. मी लई हसलो. ती न्हाई हसली. मंग मालकाकडनं कातरण मागून घेतली आन् ही जोडली, आत चोरकप्पा ठिवून."

मार्थामामींना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"कप्प्यात काय आहे?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तिचा हाय त्यो."

त्यांनी पेटी कानाशी धरून हळूच कलती केली. आत काहीतरी किणकिणलं. मामांचा चेहरा मांडवात खिळा सापडल्यासारखा उजळला. "हाय," ते म्हणाले आणि पेटी जपून परत ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि काठी बाहेर का ठेवलीत?"

"चुंबक पितळंला चिकटत न्हाई मास्तर, पर आत लोखंड असलं तर वढतंय. तिनं ठिवलेलं काय हाय, ते चुंबक मला उगाच सांगून टाकायचं."